आडवी अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची आहे : आधी आणि नंतर काय सांभाळावे?

कपाशीचा गाव (ता. आर्वी, जि. वर्धा) :

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची खालच्या जबड्यातील डावीकडची अक्कलदाढ आडवी असून ती पुढच्या दाढेला टेकलेली आहे, असे दंतवैद्यांनी संपूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे पाहून सांगितले. पावसाळ्यापासून त्याचा हा त्रास चालू आहे. हिरडी सुजते, तोंड पुरते उघडत नाही, घास गिळताना कानापर्यंत कळ जाते. गोळ्या घेतल्या की काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. आता हिरडीला चीर देऊन, थोडे हाड कोरून आणि दाढेचे तुकडे करून ती काढावी लागेल व टाके पडतील, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

घरात यावरून बराच घोळ झाला आहे. दाढ काढली की डोळ्यांची नजर कमी होते, असे आई म्हणते. भात खाल्ला तर जखमेत पू होईल, असे आजीचे म्हणणे आहे. भाऊ खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे मिश्रण) खातो, हेही मला लपवायचे नाही. कापूस वेचणी तोंडावर आली आहे आणि घरात कामाची माणसे मोजकीच आहेत. सर्वांत मोठी काळजी अशी की, दंतवैद्यांचा दवाखाना गावापासून लांब असून संध्याकाळच्या शेवटच्या बसनंतर तिकडे जायला साधन मिळत नाही. रात्री-अपरात्री काही झाले तर कोणती गोष्ट घरी निभावता येईल आणि कोणत्या गोष्टीसाठी लगेच गाडी करून निघावे लागेल, हे आम्हाला आधीच समजून घ्यायचे आहे. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा जे स्वतः या क्षेत्रातील आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


मुखशल्यचिकित्सक, वर्धा :

ताई, तुम्ही दवाखान्याचे अंतर आणि शेवटची बस यांचा विचार शस्त्रक्रियेच्या आधी करत आहात, हे फार चांगले आहे. खेड्यातून येणाऱ्या माझ्या रुग्णांचे हाल बहुधा शस्त्रक्रियेमुळे होत नाहीत. पुढच्या तीन-चार दिवसांत काय होणार आहे, याची त्यांना आधी कोणी नीट कल्पना दिलेली नसते, म्हणून होतात.

आधी दाढ काढणे आवश्यक आहे का, ते पाहू. आडवी अक्कलदाढ दिसली की ती काढलीच पाहिजे असे नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2000 सालीच अशी मार्गदर्शक सूचना दिली की, ज्या अडकलेल्या अक्कलदाढेचा काहीच त्रास नाही आणि जिच्याभोवती कोणताही आजार नाही, ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र हिरडीची सूज वारंवार परतत आहे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्नकण आणि जंतू साचतात आणि ब्रश तिथे पोहोचत नाही. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी जंतू तेवढ्यापुरते दबतात. झडप जागेवरच राहते. शिवाय आडव्या दाढेच्या रेट्याखाली पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडण्याचा धोका असतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. सूज आणि ताप भरात असताना सहसा ही शस्त्रक्रिया करत नाहीत. आधी संसर्ग ओसरू देतात आणि मग तारीख ठरवतात. डॉक्टरांनी लांबची तारीख दिली तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया बहुतेक वेळा जागेवर भूल देऊनच होते आणि साधारण अर्धा ते एक तास चालते. भुलेमुळे अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होते. दुखत नाही, परंतु दाब आणि कंप जाणवतात, हाड कोरण्याचा आवाजही कानात घुमतो. हे आधी माहीत नसले की रुग्ण घाबरून डोके हलवतो. हाड कोरताना त्यावर सतत सलाईनचे पाणी सोडले जाते, कारण हाड तापले तर जखम उशिरा भरते. दाढेचे तुकडे केले जातात ते हाड कमीत कमी कापावे लागावे म्हणून. ‘डॉक्टरांच्या हातून दाढ तुटली’ असा त्याचा अर्थ घेऊ नये. जागेवरच्या भुलेसाठी उपाशीपोटी यायचे नसते, उलट व्यवस्थित जेवून यावे. पूर्ण भूल देणार असतील तरच उपाशी राहावे लागते आणि ते किती तास, हे डॉक्टर सांगतात.

एक धोका संमतिपत्रावर सही करण्याआधी समजून घ्यावा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, तीच ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. दाढेची मुळे तिच्याजवळ असतील तर शस्त्रक्रियेनंतर ओठ किंवा हनुवटी बधिर राहू शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, फारच थोड्यांमध्ये ती कायमची जाते. एक्स-रेमध्ये मुळे नसेला अगदी चिकटलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन करतात आणि काही वेळा मुळे जागेवरच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग काढतात. ‘मुळे नसेपासून किती लांब आहेत?’ हा प्रश्न भावाने डॉक्टरांना अवश्य विचारावा. नजरेविषयी आईंची समजूत घालावी : दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी, दाढ काढल्याने दृष्टी कमी होत नाही. भाताने पूही होत नाही. पहिल्या दिवसांत मऊ भात उत्तमच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दाढ निघाल्यावर हाडात जो खड्डा राहतो त्यात रक्त साकळते आणि त्याची गुठळी तयार होते. गुडघा खरचटल्यावर वर खपली धरते, तसेच या गुठळीचे काम असते. तिच्याखाली नवे ऊतक तयार होते. पहिल्या चोवीस तासांतील सगळी पथ्ये या गुठळीला जागेवर ठेवण्यासाठी आहेत. डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा, पुन्हा पुन्हा काढून पाहायचा नाही. थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने किंवा चोखून काही प्यायचे नाही. या ‘थुंकायचे नाही’ वर मी मुद्दाम भर देतो, कारण बसच्या खिडकीतून गावापर्यंत थुंकत जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. प्रत्येक थुंकीबरोबर तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी सुटू लागते. लाळ गिळावी. लाळेत थोडे रक्त मिसळले की सगळे तोंड रक्ताने भरल्यासारखे वाटते. पहिला दिवसभर लाळ गुलाबी राहणे स्वाभाविक आहे.

घरी रक्त जास्त येऊ लागले तर ताठ बसावे, उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ कापडाची घडी किंवा डॉक्टरांकडून आणलेला बोळा नेमका त्या जागेवर ठेवून न उघडता अर्धा तास चावून धरावा. एवढ्याने बहुतेकदा रक्त थांबते. दोनदा असे करूनही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर उतरू लागते. दुसऱ्या दिवशी गाल वाढलेला पाहून घाबरू नये. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक द्यावा, वीस मिनिटे ठेवून तेवढाच वेळ काढून. बर्फ नसेल तर माठातील पाण्यात भिजवलेला रुमालही चालतो. गरम पिशवीचा शेक पहिल्या दिवशी देऊ नये. वेदनाशामक गोळी भूल उतरण्याआधीच, काही खाऊन, डॉक्टरांनी लिहिलेली तीच घ्यावी. मेडिकलमधून मिळणारी चार रंगांच्या सुट्या गोळ्यांची पुडी कृपा करून घेऊ नका. तिच्यात काय आहे हे आम्हालाही ओळखता येत नाही. चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळण्या कराव्यात, त्याही खळखळून नाही. पाणी तोंडात धरून मान त्या बाजूला कलती करावी आणि पाणी आपोआप खाली पडू द्यावे.


वैनगंगाकाठची (भंडारा जिल्हा) :

डॉक्टरांनी सर्व सांगितलेच आहे. माझी हीच शस्त्रक्रिया धान कापणीच्या हंगामात झाली होती, म्हणून घरातल्या बाजूने थोडे लिहिते.

पहिल्या दिवसापेक्षा तिसरा दिवस मनाला जास्त जड जातो, कारण तोंड उघडत नाही. नेहमीचा चमचा दातांच्या आत जात नव्हता. बाळाला औषध पाजायच्या लहान चमच्याने मी मुगाचे पातळ वरण बाजूने आत सोडत असे. जबड्याचे स्नायू आखडल्यामुळे असे होते आणि ते हळूहळू सुटते, हे मला आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. खाण्यासाठी ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, गुरगुट्या भात, शिरा, कुस्करलेले केळे आणि दही यांवर चांगले निभावते. सगळे कोमट किंवा थंड असावे. तिखटाचा ठेचा, कडक भाकर, फुटाणे, चिवडा आणि विशेषतः तीळ व खसखस यांना काही दिवस दूर ठेवावे, कारण त्यांचे बारीक दाणे खड्ड्यात जाऊन बसतात आणि मग माणूस काडीने कोरायला जातो. ताई, घरातील दात कोरण्याच्या काड्या काही दिवस सरळ उचलून ठेवा. कडुनिंबाची काडी आणि दंतमंजनही जखमेच्या बाजूला नको. मऊ ब्रशने बाकीचे दात मात्र रोज घासावेत, नाहीतर तोंडाला वास येऊन खाणेच नकोसे होते.

परतीचा प्रवासही आधी ठरवून ठेवा. मोटारसायकल भावाने स्वतः चालवू नये आणि सोबत कोणीतरी असावेच. ओठ बधिर असताना तो दातांखाली येऊन चावला जातो आणि ते कळतही नाही. म्हणून भूल उतरेपर्यंत चावून खायचे काहीही देऊ नका आणि गरम चहाही नको.

वेचणीबद्दल माझे स्पष्ट मत आहे. वेचणीत दिवसभर वाकावे लागते, पाठीवर ओझे असते आणि वर ऊन. वाकल्यामुळे डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि जखम ठणकते. निदान चार-पाच दिवस त्याला शेतात पाठवू नका. एखाद्या मजुराची रोजी द्यावी लागली तरी ती द्या. फवारणीचे काम तर टाके निघेपर्यंत त्याच्याकडे अजिबात देऊ नका.


आरोग्यसेविका, गडचिरोली :

इथे अजून न आलेला एक मुद्दा आपल्या भागासाठी अतिशय महत्त्वाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासणीला वेग आला आहे. तरीही अनेकांच्या घरी कार्ड पेटीत पडून असते आणि दंतवैद्यांना ते दाखवावे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. ‘दाताचा आणि रक्ताच्या आजाराचा काय संबंध?’ असे लोक मला विचारतात. संबंध असा आहे की, सिकलसेलच्या रुग्णाला म्हणजे एसएस असलेल्याला संसर्ग, पाणी कमी पडणे, थंडी आणि ताण यांपैकी कशानेही वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि दाढ काढल्यावर दुखते म्हणून माणूस पाणी पिणेच सोडून देतो. अशा रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, बर्फाचा शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, वेदनाशामक गोळीही विचारूनच घ्यावी आणि शस्त्रक्रिया शक्यतो मोठ्या रुग्णालयात करावी. वाहकाला म्हणजे एएस असलेल्याला सहसा अडचण येत नाही, तरी सांगून ठेवावे. भावाची तपासणी झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आधी करून घ्या.

हा धागा इतरही वाचतील म्हणून आणखी थोडे लिहिते. मधुमेह असणाऱ्यांनी साखर तपासून जावे, सकाळची वेळ मागावी आणि खाणे कमी होणार असल्यामुळे इन्सुलिन किंवा गोळीचे काय करायचे हे विचारावे. रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही घ्यायची असते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या बंद केल्याने होणारे नुकसान हिरडीतून थोडे जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठे असू शकते, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. हाडे ठिसूळ झाल्यामुळे किंवा कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन घेतलेल्यांनी ते आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या जबड्याचे हाड दाढ काढल्यावर भरण्यास अडचण येऊ शकते. गर्भवती भगिनींनी तर पहिल्याच वाक्यात सांगावे.


उमरेडकर :

खर्चाची अडचण असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय हा चांगला पर्याय आहे. सावंगी (मेघे) येथेही दंत महाविद्यालय आहे आणि ते आर्वीहून तुम्हाला जवळ पडेल. सकाळी लवकर पोहोचावे, आधीचा एक्स-रे आणि सर्व कागद सोबत न्यावेत, आणि शस्त्रक्रिया त्याच दिवशी होईल असे गृहीत धरून जाऊ नये.


कपाशीचा गाव :

सर्वांचे मनापासून आभार. आईला उत्तरे वाचून दाखवली; नजरेची शंका मिटली आणि तिने होकार दिला. सिकलसेलची तपासणी या आठवड्यात करून घेतो. दोन प्रश्न राहिले आहेत. खर्रा नेमका किती दिवस बंद ठेवावा? भाऊ म्हणतो की, दुसऱ्या बाजूला धरला तर काय होते. आणि नेहमीचे दुखणे व काळजीचे दुखणे यांतला फरक घरच्या माणसाने कसा ओळखावा?


मुखशल्यचिकित्सक, वर्धा :

खर्रा कोणत्याही बाजूला धरला तरी त्याचा रस सगळ्या तोंडात फिरतो. तंबाखूमुळे हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते; चुन्याने नाजूक त्वचा भाजते; सुपारीचा चुरा खड्ड्यात बसतो; आणि खर्रा म्हटला की थुंकणे आलेच. टाके निघेपर्यंत, म्हणजे किमान सात दिवस, तो पूर्ण बंद हवा. माझी मनापासून विनंती आहे की, एवढे दिवस सुटलाच आहे तर भावाने तो पुन्हा हातात धरू नये. त्यासाठी 1800112356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्याचा निःशुल्क क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

खर्रा खाणाऱ्याची आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेआधी पाहावी लागते. सूज नसतानाच्या दिवशी भावाला आरशासमोर उभे करून स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालायला सांगा. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल आणि गाल आतून पांढुरके व ताठ लागत असतील, तर सुपारीमुळे तोंडाची त्वचा आखडू लागली आहे, असे समजावे. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, म्हणून त्याची स्वतंत्र तपासणी हवी. तोंडच कमी उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत अवजार पोहोचवणेही कठीण होते, त्यामुळे हे डॉक्टरांना आधी सांगणे भावाच्याच सोयीचे आहे.

दुखण्यातील फरक वेळेवरून ओळखावा. नेहमीचे दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते आणि मग रोज थोडे थोडे कमी होत जाते. कमी होत असलेले दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकाएकी वाढले, कानापर्यंत ठणका लागला, गोळीने उतरेना आणि तोंडाला घाण वास येऊ लागला, तर गुठळी निघून खड्ड्यातील हाड उघडे पडले आहे असे समजावे. खालच्या अक्कलदाढेत आणि तंबाखू घेणाऱ्यांत हे जास्त आढळते. हा त्रास असह्य असला तरी धोक्याचा नाही. रात्र गोळीवर काढून सकाळच्या बसने यावे. खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवली की बराच आराम पडतो. यावर प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी उतार पडत नाही, म्हणून गावातच इंजेक्शन घेत बसू नये.

मात्र पुढील परिस्थितीत रात्र असली तरी लगेच निघावे. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल आणि सोबत ताप व थंडी असेल. सूज हनुवटीखाली किंवा गळ्यावर उतरून तो भाग दगडासारखा कडक लागत असेल. जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटून लाळही गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, आडवे झाले की श्वास कोंडत असेल. यांतील शेवटची लक्षणे असतील तर दंतवैद्यांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा, रुग्णाला बसवूनच ठेवा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. अशा वेळी श्वासमार्ग मोकळा ठेवणे हे पहिले काम असते आणि तेथे ऑक्सिजनची सोय असते.

शस्त्रक्रियेची वेळ आठवड्याच्या सुरुवातीला, शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी सकाळची मागून घ्या. म्हणजे रक्त येण्याचे पहिले काही तास दिवसा उजेडी, दवाखाना उघडा असताना जातील आणि तिसरा ते पाचवा दिवस रविवारच्या सुट्टीवर येणार नाही. निघताना जास्तीचे बोळे आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्या, आणि टाके विरघळणारे आहेत की काढायला यायचे आहे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. खड्डा काही आठवडे बोटाला लागत राहील. हिरडी साधारण महिनाभरात बुजते आणि आतील हाड भरायला काही महिने जातात. तेवढ्यासाठी परत येण्याची गरज नाही.